डोकं हललं तर

सिकलसेल भंडारा-गोंदियाकडच्या घरांना नवा नाही. अंग ठणकणं, रक्त कमी होणं सगळ्यांना माहीत. पण या आजारात मुलाच्या मेंदूला गुपचूप इजाही होऊ शकते: हात लुळा पडत नाही, जीभ अडखळत नाही, फक्त एमआरआयमध्ये जेमतेम ३ मिलिमीटरचा डाग दिसतो. तो शोधताना पोराचं डोकंच तेवढं सरकलं तर?

एमआरआय म्हणजे कॅमेऱ्याची एक टिचकी नव्हे. यंत्र काही मिनिटं ओळीमागून ओळ संकेत गोळा करतं आणि त्यांतून गणित चित्र उभं करतं. मध्येच डोकं हललं की आधीच्या-नंतरच्या ओळींचा मेळ बसत नाही, कवटीच्या कडेची सावली मेंदूवर पुन्हापुन्हा उमटते. जेम्स पाइप यांनी १९९९ मध्ये यावर छान तोड काढली. पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्या फिरवत संकेत घ्यायचे. प्रत्येक पट्टी मधून जाते, म्हणून मधला भाग दरवेळी नव्याने मोजला जातो. त्यावरून डोकं किती सरकलं ते कळतं आणि पट्टी जागेवर बसवता येते.

पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी डिफ्यूजन तपासणी आणखी नाजूक. रेणू सरकतात मायक्रोमीटरमध्ये, डोकं मिलिमीटरमध्ये! संगणक सहा आकडे काढतो: तीन सरकण्याचे, तीन वळण्याचे. चित्र सरळ करताना मोजणीच्या दिशांची यादीही तेवढीच वळवावी लागते. ते राहिलं तर चित्र सुबक दिसतं आणि मज्जातंतूंची दिशा मात्र चुकते. मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

मेंदूचं काम टिपणाऱ्या तपासणीत २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की किंचित हालचालीनेही मेंदूतल्या जोडण्या खोट्याच वेगळ्या दिसतात. मुलं जास्त हलतात, त्यामुळे वयाचा म्हणून मानलेला काही फरक निव्वळ हालचालीचा होता.

डोकं फार वळलं की गणितही हात टेकतं. तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून खरी दुरुस्ती आधीच सुरू होते. टेक्निशियन कानांत बोळे घालतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज खुपसतो, हातात रबरी फुगा देतो. आई मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना काढून आत येते आणि पोराचा पाय धरून बसते. काचेपलीकडून आवाज येतो, "आता चार मिनिटं, हालू नको बाबू." ठकठक सुरू होते. आईचा अंगठा त्याच्या घोट्यावर असतो.