कन्सोलवरचा गेम यूट्यूबवर टाकायचा? कॅप्चर कार्ड घ्यायच्या आधी हे वाचा

तिगाव, पांढुर्णा, सौंसर असो की हद्दीपलीकडचं वरूड-नरखेड, ज्या घरी प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे तिथल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आपला खेळ रेकॉर्ड कसा करायचा, लाइव्ह कसा दाखवायचा? विचारायला गेलं की यादी मोठी होते. कॅप्चर कार्ड, गेमिंग लॅपटॉप, माइक, कॅमेरा. संत्र्याचा बहार हाती यायच्या आधीच घरात एवढा खर्च काढायचा का? गरज नाही. सुरुवात जवळपास फुकटात होते.

आधी कन्सोलमध्येच पाहा

पीएस-४ च्या कंट्रोलरवर ‘शेअर’ आणि पीएस-५ वर ‘क्रिएट’ नावाचं बटण आहे, ते त्यासाठीच. पीएस-४ तुमच्या खेळाची शेवटची १५ मिनिटं आपोआप धरून ठेवतो. सेटिंगमध्ये ही वेळ ६० मिनिटांपर्यंत वाढवता येते. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर काढा आणि मोबाइल किंवा साध्या कॉम्प्युटरवर कापा-जोडा. साध्या पीएस-४ चं रेकॉर्डिंग ७२०पी असतं. मोबाइलवर पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

याच बटणातून थेट यूट्यूब किंवा ट्विचवर लाइव्हही जाता येतं. एक्सबॉक्सवरून ट्विचवर लाइव्ह होतं, आणि बाहेरची हार्ड डिस्क जोडली की लांब रेकॉर्डिंगही करता येतं.

आवाजासाठी मोबाइलचे माइकवाले वायरचे इयरफोन कंट्रोलरला लावून पाहा. फक्त रेकॉर्डिंगमध्ये माइकचा आवाज घेण्याचं सेटिंग सुरू आहे ना, तेवढं तपासा. नाहीतर तासभर बोलाल आणि व्हिडिओत नुसता गेम ऐकू येईल.

कॅप्चर कार्ड कधी लागतं?

आपला चेहरा, चॅट, नाव असं सगळं स्क्रीनवर सजवायचं असेल तेव्हा. तेव्हाही महागडं कार्ड पहिल्या दिवशी नको. हजार-दीड हजाराच्या आत यूएसबी कॅप्चर डोंगल मिळतं. खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असलं तरी यूएसबी २.० वालं डोंगल साधारण १०८०पी, ३० फ्रेमच देतं, हे धरून चाला.

डोंगल लावल्यावर स्क्रीन काळी दिसली तर घाबरू नका. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये ‘एचडीसीपी’ बंद करा. डोंगलमधून येणारं चित्र थोडं उशिरा दिसतं, म्हणून लॅपटॉपकडे पाहून खेळू नका. एकाचे दोन करणारा एचडीएमआय स्प्लिटर घ्या: एक वायर टीव्हीला, एक डोंगलला.

लॅपटॉपवर ‘ओबीएस स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात रेकॉर्डिंग एमपी४ ऐवजी एमकेव्हीमध्ये ठेवा. मधेच लाइट गेली तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचं काम वाचतं. नंतर ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते.

लाइव्हचा खरा खर्च नेटचा

७२०पी लाइव्हला साधारण ४ एमबीपीएस अपलोड धरा. म्हणजे तासाला सुमारे १.८ जीबी. रोजचा दोन जीबीचा पॅक एका तासात संपला! स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड नाही, अपलोडचा आकडा पाहा, आणि तोही ज्या वेळेला लाइव्ह जाणार त्याच वेळेला. ६ एमबीपीएसच्या खाली येत असेल तर लाइव्हचा हट्ट सोडा. दिवसा रेकॉर्ड करा, रात्री अपलोडला लावून झोपा.

हे नियम विसरू नका

- यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला फोन नंबरची खात्री द्यावी लागते आणि २४ तास लागू शकतात. ऐन वेळेवर करू नका.
- जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह जायला वय किमान १६ हवं. लहान पोरांसोबत मोठं माणूस दिसलं पाहिजे.
- गेममधली गाणी कॉपीराइटमध्ये अडकतात. गेममध्ये ‘स्ट्रीमर मोड’ असेल तर सुरू करा, नसेल तर संगीत बंद करा.
- पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातीवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. कोणी ‘आमचं ॲप दाखव, पैसे देतो’ म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

कमाईचं काय?

जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) लागतं. म्हणून उधारी किंवा किस्तीवर सामान घेऊ नका. किस्त पुढच्या महिन्यापासून सुरू होते, कमाई नाही.

आणि बोला आपल्याच भाषेत. पांढुर्ण्याच्या पोराची मराठी नागपूर-अमरावतीत सहज समजते. त्यासाठी हिंदीची नक्कल करायची गरज नाही. या रविवारी दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, मोबाइलवर ऐका. आवाज स्वच्छ नसेल तर पहिला खर्च माइकवर करा, कॅप्चर कार्डवर नाही.