वाहनाची सतरा चिन्हांची ओळख
नोंदणी क्रमांकाची पाटी बदलता येते. परंतु वाहनाच्या सांगाड्यावर कोरलेली ओळख सहजासहजी पुसता येत नाही. ‘चासिस क्रमांक’ म्हणून परिचित असलेल्या या ओळखीत सतरा अक्षरे व अंक असतात. पहिली तीन चिन्हे निर्माता दर्शवितात. ‘एमएटी’ ही टाटा मोटर्सची खूण होय. पुढील सहा वाहनाचा प्रकार सांगतात, तर अखेरची आठ त्या एकाच वाहनाची असतात. एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे वर्ज्य आहेत. उत्पादन कितीही वाढले, तरी ३० वर्षांत दोन वाहनांचा क्रमांक सारखा येऊ नये, अशी ही आंतरराष्ट्रीय योजना आहे. म्हणूनच जुने वाहन घेताना हा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.