यंत्राच्या घरचा निरोप्या



संगणकाच्या पोटातल्या गोष्टीवर माझ्यासारखा अर्धवट शिकलेला कामगार कार्यकर्ता बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण विषय वऱ्हाडाला परका नाही. १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे नेतृत्व केले ते डॉ. विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

आधी एक अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जिनात रात्रपाळीला यंत्राचे बेअरिंग तापले. गड्याने ते पाहिले. पण फिटर दुसऱ्या टोकाला, मुकादम घरी, आणि निरोप नेणारा कोणीच नाही. सरकीसह कापूस पेटला. चौकशीत दोष गड्याच्या माथी आला. वास्तविक त्याला दिसले होते, पोचले नव्हते.

आता सर्व्हर पाहा. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालणारा संगणक. आपला सातबारा, बँकेचे खाते त्याच्याच पोटात. त्याच्या मुख्य पाटीवर दुसरा एक चिमुकला संगणक बसवलेला असतो. त्याला बीएमसी म्हणतात. मुंबईच्या महापालिकेशी त्याचा संबंध नाही! तो पहारेकरी. उष्णता किती, पंखे फिरतात का, वीज किती लागते, हे तो पाहतो. मुख्य यंत्र बंद असले तरी, वीज येत असेल तोवर तो जागाच असतो. त्याच्याशी बोलायची भाषा म्हणजे आयपीएमआय. ती इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली पुढे आणली.

दुसरा गडी फर्मवेअर. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने चिपमध्ये लिहून ठेवलेल्या सूचना. त्यांतल्या काही सूचना कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, काम चालू असताना वाचतो आणि पाळतो. समजा, एक सूचना अशी आहे : ‘पहारेकऱ्याला विचार, आता किती वॅट वीज लागते?’ सूचना कागदावर आहे. तिला पाय नाहीत. येथे कर्नलमधला एक छोटा ड्रायव्हर पुढे येतो. फर्मवेअरची चिठ्ठी तो घेतो (तिच्यात जास्तीत जास्त ६४ बाइट मजकूर मावतो), आयपीएमआयच्या भाषेत ती बांधतो, रांगेतून पाठवतो, उत्तराची वाट पाहतो आणि निरोप पोचला की नाही या शेऱ्यासह उत्तर परत आणतो. रांग हवीच, कारण पहारेकऱ्याच्या दारावर कार्यप्रणालीची इतर माणसेही थाप मारीत असतात.

हा निरोप्या नसला तर? लिनक्सवर चालणाऱ्या काही सर्व्हरांत तो चढवलेला नसला, की वीज मोजणारा भाग केवळ चूक नोंदवतो. पहारेकरी जागा आहे, मोजमाप चालू आहे, आणि आकडा मात्र कोणाच्या हाती येत नाही. आमच्या जिनाचीच गत!

म्हणून मित्रहो, खिडकीवर ‘सर्व्हर बंद आहे’ असे ऐकाल तेव्हा समोरच्या कारकुनावर चिडू नका. कोणाला काय दिसले होते आणि निरोप कोठे अडला, हे आधी विचारा. आमच्या त्या गड्याला कोणी ते विचारले नव्हते.