आधी आकडे, मग स्क्रू

सकाळी ११. लॅमिंग्टन रोडवर याआधी फारशी शटरं वर जात नाहीत. सोल्डरिंग स्टेशन तापतंय तोवर डोंबिवलीचा एक कॉलेजकुमार कंट्रोलर घेऊन हजर. "दादा, हात लावला नाही तरी प्लेअर डावीकडे चालत सुटतो." पडला होता का, काही सांडलं होतं का, विचारलं. दोन्ही नाही.

११.३०. लगेच खोलायचं नाही. केबलने संगणकाला जोडून स्क्रीनवर स्टिकचे आकडे दाखवणारा टेस्टर लावला. स्टिक मोकळी असताना आकडा शून्याजवळ हवा. दोन-तीन शतांश इकडेतिकडे चालतात. इथे उणे ०.१४. पण एका आकड्यावर निदान करू नये. स्टिक चारही दिशांना पूर्ण ढकलून झटक्यात सोडली. दर वेळी त्याच चुकीच्या जागी थांबली असती, तर बहुधा कॅलिब्रेशनवर भागलं असतं. ही कधी उणे ०.१४, कधी उणे ०.०६ दाखवते, आणि हळू फिरवताना आकडा मध्येच उडी मारतो. म्हणजे आतली, हालचाल मोजणारी पट्टी झिजली आहे.

१२.३०. स्टिकच्या दोन बाजूंना दोन पोटेन्शिओमीटर असतात, आडव्या आणि उभ्या हालचालीसाठी. आत पट्टीवर कार्बनचा पातळ थर, त्यावर घासणारा धातूचा काटा. एकाचं झाकण काढून भिंगाखाली धरलं: काळ्या पट्टीच्या मधोमध चकचकीत चर, कडेला भुकटी. अल्कोहोलने भुकटी निघते, झिजलेला थर परत येत नाही. स्टिकचं अख्खं मॉड्यूल बदलायलाच हवं.

दुपारी २. मॉड्यूलला चौदा पाय. ग्राउंडचे पाय उष्णता ओढून घेतात. तिथे घाईने खेचलं की बोर्डावरचं तांब्याचं कडं उखडतं आणि साधं काम अवघड होऊन बसतं. जेवण यानंतरच.

५. नव्या मॉड्यूलचं केंद्र जुन्यासारखं नसतं. ते कंट्रोलरच्या मेमरीत नोंदवलं, मग कडेकडेने गोल फिरवून पाहिलं. हे न करता गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे अर्धं काम.

६.३०. "गेममध्ये डेडझोन वाढवून चाललं असतं ना?" मुलाने विचारलं. काही दिवस, हो. पण डेडझोन म्हणजे केंद्राजवळची हालचाल गेमने सोडून देणं; त्याने दोष फक्त झाकला जातो. शिवाय नेमबाजीतली बारीक हालचाल हातची जाते. खरा उपाय म्हणजे घासणंच टाळणं. न घासणारे, चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर १९९८च्या सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही होते. ते सगळ्याच कंट्रोलरमध्ये यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

तोवर एवढं करा: कंट्रोलर दुरुस्तीला देताना स्क्रीनवरचे आकडे बघून घ्या, आणि परत घेतानाही तीच चाचणी समोर करून मागा.