एका वस्तूचा एकच धनी

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी एक कागद फार जपून ठेवलेला असतो. त्याला आपण सातबारा म्हणतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने एकत्र करून हा उतारा तयार होतो, म्हणून त्याला हे नाव पडले. सातव्या नमुन्यात जमीन कोणाच्या मालकीची आहे हे लिहिलेले असते. बाराव्यात तीत कोणते पीक घेतले आहे याची नोंद असते. जमीन विकली गेली, की फेरफाराची नोंद होते. जुन्या मालकाचे नाव कमी होते आणि नव्या मालकाचे नाव लागते. त्यानंतर जुन्या मालकाला त्या शेतात नांगर घालता येत नाही.

ही व्यवस्था नसती, तर काय झाले असते? एकाच शेतात एकाने कपाशी लावली असती आणि दुसऱ्याने तीवर तूर पेरली असती. धुरा कोठे आहे यावरून रोज भांडणे झाली असती. सारेच शेतकरी सज्जन असले, तरी विसरभोळेपणामुळेही असे तंटे उद्भवले असते. म्हणून केवळ माणसांच्या सावधपणावर विसंबून न राहता समाजाने मालकीचा नियम केला.

मुलांनो, संगणकाच्या पोटातही अशीच एक जमीन असते. तिला संगणकाची स्मृती म्हणतात. या जमिनीचे असंख्य लहान लहान तुकडे पाडलेले असतात आणि आपल्या शेतांना जसे गट क्रमांक असतात, तसा प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक असतो. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. आज्ञावलीला नाव, संख्या किंवा चित्र ठेवायचे असले, की ती स्मृतीतील काही तुकडे मागून घेते आणि काम संपले, की ते परत करते. व्यवहार सोपा दिसतो. परंतु त्यातच मोठा धोका दडलेला आहे.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ नावाची भाषा रचली. ही भाषा अतिशय वेगवान ठरली आणि जगातील असंख्य यंत्रे तिच्या बळावर चालू लागली. मात्र जागा केव्हा घ्यावी, केव्हा परत करावी आणि आपला धुरा कोठे संपतो हे ध्यानात ठेवण्याचे सारे काम तिने आज्ञावली लिहिणाऱ्या माणसावर सोपवले. माणूस कितीही हुशार असला, तरी लक्षावधी ओळी लिहिताना त्याच्या हातून चूक होतेच. या चुका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिली, आपला धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या जागेत शिरणे. दुसरी, परत केलेली जागा आपलीच समजून वापरत राहणे. तिसरी, एकच जागा दोनदा परत करणे.

या चुका क्षुल्लक नाहीत. १९८८ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने स्वतःहून पसरत जाणारी एक आज्ञावली जाळ्यात सोडली. तिने शिरकावासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांपैकी एक धुरा ओलांडण्याचीच होती. ५१२ अक्षरांसाठी राखलेल्या जागेत तिने ५३६ अक्षरे कोंबली. जास्तीची अक्षरे पलीकडच्या जागेत सांडली आणि संगणक त्यांनाच हुकूम समजून वागू लागला. हजारो संगणक त्यामुळे ठप्प झाले. पुढे १९ जुलै २०२४ रोजी एका संरक्षक आज्ञावलीने तिला मिळालेल्या वीस खणांच्या पलीकडे जाऊन एकविसावा खण वाचण्याचा प्रयत्न केला. तो खण तेथे नव्हताच. या एका चुकीने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. रुग्णालयांची कामे अडली, विमाने खोळंबली आणि भारतातील विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली.

या धोक्यावर एक उपाय पूर्वीच निघाला होता. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जावा’सारख्या भाषांत एक अदृश्य झाडूवाला असतो. आज्ञावली चालू असताना तो अधूनमधून स्मृतीत फेरी मारतो आणि कोणीही वापरत नसलेली जागा मोकळी करतो. हा उपाय चांगला आहे. पण त्या फेरीसाठी वेळ आणि जागा खर्ची पडते. जेथे क्षणाचाही विलंब चालत नाही, किंवा यंत्रच फार लहान असते, तेथे हा खर्च परवडत नाही.

कॅनडातील व्हँकूव्हर शहरात ग्रेडन होर नावाचे एक संगणकतज्ज्ञ एका इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावर राहत असत. २००६ साली एके दिवशी ते घरी परतले, तो लिफ्ट बंद! तिची आज्ञावली कोलमडली होती. एकवीस मजले पायऱ्या चढून जाताना त्यांच्या मनात आले, की साधी लिफ्टसुद्धा आपल्याला धडपणे चालवता येऊ नये, हे बरे नव्हे. अशा यंत्रांतील पुष्कळ बिघाड स्मृतीच्या गैरवापरातून होतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी एक नवी भाषा रचण्यास आरंभ केला. तिचे नाव ‘रस्ट’. या शब्दाचा एक अर्थ लोखंडावरचा गंज असा आहे. परंतु होर यांनी ते नाव तांबेरा रोगाच्या बुरशीवरून घेतले. गव्हावर पडणारा तांबेरा किती चिवट असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको! पुढे अनेक तज्ज्ञांनी मिळून ही भाषा घडवली आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या भाषेचा पहिला नियम सातबाऱ्यासारखा आहे: प्रत्येक वस्तूचा एका वेळी एकच धनी असतो. याला तिच्या परिभाषेत ‘ओनरशिप’ म्हणतात. समजा, एका शेतकऱ्याने बाजारात आपला बैल विकला. बैल नव्या धन्याकडे गेला. आता जुना धनी त्याला औताला जुंपू शकत नाही. रस्ट भाषेतही एका नावाकडची वस्तू दुसऱ्या नावाकडे सोपवली, की पहिल्या नावाने ती वापरता येत नाही. दोघांनाही ती हवी असेल, तर वेगळी प्रत करावी लागते आणि तसे स्पष्ट लिहावे लागते. धन्याचे काम संपले, की वस्तूची जागा आपोआप मोकळी होते. आठवडी बाजारातील दुकानदार सायंकाळी आपले पाल उठवतो आणि जागा रिकामी होते, तसेच हे. धनी एकच असल्यामुळे जागा परत करणाराही एकच असतो. साहजिकच ती दोनदा परत होण्याचा प्रश्न उरत नाही.

पण प्रत्येक कामासाठी मालकीच बदलू लागली, तर व्यवहार कसा चालावा? म्हणून दुसरा नियम उसनवारीचा आहे. भिंतीवर टांगलेला नकाशा एकाच वेळी चाळीस मुले पाहू शकतात. त्यात कोणाचेच नुकसान नाही. परंतु गुरुजी त्या नकाशातील चूक दुरुस्त करू लागले, की ते काम पुरे होईपर्यंत इतरांनी तो पाहू नये. नाही तर अर्धवट खोडलेली नदी पाहून कोणी भलतेच लिहून घेईल. रस्टचा नियम असाच आहे. एका वस्तूकडे एकाच वेळी पुष्कळांनी केवळ पाहावे, अथवा एकाच व्यक्तीने तीत बदल करावा. दोन्ही गोष्टी एका वेळी करता येत नाहीत.

तिसरा नियम मुदतीचा. उसनी घेतलेली वस्तू मूळ वस्तूपेक्षा अधिक काळ टिकू शकत नाही. एखाद्या घराचा पत्ता आपण वहीत लिहून ठेवला. पुढे ते घर पाडले गेले आणि त्या जागी दुसऱ्याच कोणाचे घर उभे राहिले. वहीतील जुन्या पत्त्यावर आपण पत्र टाकले, तर ते परक्याच्या हाती पडेल. घर पडले, की त्याचा पत्ताही बाद झाला पाहिजे, असे ही भाषा मानते.

हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहतो कोण? आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारे एक साधन असते. त्याला कंपायलर म्हणतात. दक्ष तलाठ्याप्रमाणे तो प्रत्येक ओळ तपासतो. मालकी कोणाकडे आहे, उसने कोणी घेतले आहे, मुदत संपली की नाही, हे सारे पाहूनच तो पुढे जाऊ देतो. नियम मोडलेला आढळला, तर आज्ञावली तयारच होत नाही. कोणत्या ओळीत चूक आहे हे तो दाखवतो आणि पुष्कळदा ती कशी सुधारावी हेही सुचवतो. मालकीची ही तपासणी आधीच झाल्यामुळे प्रत्यक्ष चालताना आज्ञावलीला झाडूवाल्याची गरज पडत नाही. नवशिक्याला हा तलाठी प्रथम फार कडक वाटतो. पण त्याने आज अडवलेली चूक उद्या रुग्णालयातील यंत्राला अडवणार नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

नियम समजले, म्हणजे काम करण्याच्या चांगल्या रीती आपोआप सुचू लागतात. अनुभवी लोकांनी पुन्हा पुन्हा वापरून पक्क्या केलेल्या रीतींना आज्ञावलीचे आकृतिबंध म्हणतात. त्यांपैकी तीन आपण पाहू या.

पहिला आकृतिबंध मापांचा आहे. आपल्या बाजारात कापूस क्विंटलने विकला जातो. सरकी काढलेल्या रुईचा व्यापार मात्र खंडीवर चालतो. क्विंटल म्हणजे १०० किलो, तर रुईची खंडी सुमारे ३५६ किलोंची. आज्ञावलीत नुसते ‘५’ असे लिहिले, तर ते पाच क्विंटल की पाच खंडी हे यंत्राला कसे कळावे? म्हणून क्विंटल आणि खंडी अशा दोन निराळ्या जाती ठरवतात. मग त्यांची चुकून बेरीज करू गेल्यास कंपायलर अडवतो. अशी सावधगिरी न घेतल्यामुळे काय होते, याचे उदाहरण १९९९ साली घडले. मंगळाकडे पाठवलेल्या एका अमेरिकन यानाच्या गणितात पौंड आणि न्यूटन या मापांची गल्लत झाली आणि ते यान नष्ट झाले.

दुसरा आकृतिबंध पाकिटाचा आहे. शोधलेली वस्तू सापडेलच असे नाही. अशा वेळी रस्ट भाषेत उत्तर जणू बंद पाकिटात घालून दिले जाते. पाकिटात वस्तू असेल, किंवा ते रिकामे असेल. ते उघडून पाहिल्याशिवाय वस्तू वापरता येत नाही आणि रिकामे निघाले तर काय करायचे, हेही आधीच ठरवावे लागते.

तिसरा आकृतिबंध समजण्यासाठी आगगाडीकडे पाहू. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद मापाचा लोहमार्ग कापूस वाहून नेण्यासाठी बांधला गेला. त्यावरून धावणाऱ्या ‘शकुंतले’च्या गोष्टी तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील. तो मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर अनर्थ ओढवेल. म्हणून भारतातील पुष्कळ एकेरी मार्गांवर एक युक्ती वापरली गेली. दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत आणि त्यांतून एका वेळी धातूचा एकच गोळा बाहेर निघे. तो गोळा ज्या चालकाच्या हाती, त्यालाच पुढे जाण्याची मुभा. पुढच्या स्थानकावर गोळा यंत्रात परत टाकला, म्हणजेच दुसरा निघू शके. एकाच वस्तूवर अनेकांना काम करायचे असते, तेव्हा रस्ट भाषेत असाच गोळा वापरतात. गोळ्याचा धनी आपले काम संपवून बाजूला झाला, की गोळा आपोआप परत जातो; विसरण्याची भीती राहत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही भाषा सर्व चुकांवरचे औषध नाही. हिशेबाचे सूत्रच चुकीचे लिहिले, तर उत्तरही चुकीचेच येईल. वीस खणांतील एकविसावा मागितला, तर ही चूक बहुधा आज्ञावली चालू असतानाच कळते. तेव्हा ती सहसा जागीच थांबते, पण शेजारच्या शेतात शिरत नाही. शिवाय काही अवघड कामांसाठी नियम बाजूला ठेवण्याची मोकळीकही भाषेने दिली आहे. मात्र तेवढ्या ओळींवर ‘असुरक्षित’ अशा अर्थाची खूण करावी लागते, म्हणजे तपासणाऱ्याची नजर तेथे आधी जाते.

एवढ्या मर्यादा असूनही गुण दिसून आला आहे. अनेक मोबाइल फोनांत असणाऱ्या अँड्रॉइड या प्रणालीत सुरक्षेला बाधक अशा दोषांपैकी ७६ टक्के दोष २०१९ साली स्मृतीच्या गैरवापराचे होते. नवे काम रस्टसारख्या सुरक्षित भाषांत होऊ लागल्यावर २०२४ साली हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यातही डिसेंबर २०२२ मध्ये या भाषेला प्रवेश मिळाला.

ही भाषा शिकण्यास शुल्क पडत नाही. तिचा कंपायलर कोणासही विनामूल्य मिळतो आणि वणीचा विद्यार्थी असो की व्हँकूव्हरचा, तो दोघांनाही सारख्याच काटेकोरपणे तपासतो. लिफ्टमध्ये चढणारा प्रवासी किंवा रुग्णालयातील आजारी माणूस आज्ञावली लिहिणाऱ्याला कधी भेटत नाही. तरी त्याची सुरक्षितता त्या ओळींवर अवलंबून असते. तुमच्यापैकी कोणी पुढे आज्ञावली लिहू लागेल, तेव्हा पहिली ओळ लिहिण्यापूर्वी त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: या वस्तूचा धनी कोण?