‘फॅमिली’ नावाची पलटण

फौजेतला मराठी जवान बायकोचा उल्लेख ‘बायको’ असा क्वचितच करतो. तो म्हणतो, ‘फॅमिली गावाला आहे’ किंवा ‘या टायमाला फॅमिली आणलीय.’ एकट्या बाईला ‘फॅमिली’ म्हणणं नवख्याच्या कानाला खटकतं. छावणीत चार दिवस काढले की मात्र शब्द चपखल वाटू लागतो. नवरा सीमेवर असताना बँक, शाळा, दवाखाना, सासऱ्यांचं पथ्यपाणी, गॅसचा नंबर हे सगळं तीच बघते. कुटुंब म्हणून जे काही जागेवर असतं, ते म्हणजे ती एकटी.

अशा शेकडो एकट्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारी एक व्यवस्था फौजेत आहे. तिला रेजिमेंटसारखा झेंडा नाही आणि परेडमध्ये ती दिसत नाही, पण पलटण जिथे जाते तिथे ती असते. पलटणीत तिचं नाव एवढंच: ‘वेल्फेअर’.

ती का लागते हे समजायचं तर फौजेच्या नोकरीची चाल पाहायला हवी. काही वर्षं ‘पीस’, काही वर्षं ‘फील्ड’. पीस म्हणजे बेळगाव, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) अशी छावणीची गावं, जिथे क्वार्टर मिळालं तर संसार थाटता येतो. फील्ड म्हणजे काश्मीर, लडाख किंवा ईशान्येकडचा डोंगर. तिथल्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, नुसतं ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. फील्डचा हुकूम आला की पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेल्या काळ्या ट्रंका बाहेर निघतात आणि फॅमिलीपुढे दोन वाटा उरतात. एक गावाकडची. दुसरी ‘एसएफ’ची, म्हणजे नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत राखलेल्या क्वार्टरांची. ही घरं सगळ्यांना पुरत नाहीत. मुलांची शाळा मोडू नये म्हणून यादीत नाव लावून वाट बघावी लागते. अनेकींच्या वाट्याला शेवटी गावच येतं.

क्वार्टर मिळालेली नवी सून छावणीत आली की शेजारीण चहाबरोबर एक प्रश्न विचारते: ‘पार्ट टू ऑर्डर निघाली का?’ बिचारीला वाटतं, हे नवऱ्याचं काहीतरी असेल. ते तिचंच असतं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की पलटणीच्या कचेरीतून त्याची ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते आणि ती रेकॉर्ड ऑफिसला पोचते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचं रेकॉर्ड बेळगावला असतं. ही नोंद होईपर्यंत फौजेच्या कागदावर त्याला बायको नसते. मग मिलिटरी हॉस्पिटल, अर्थात ‘एमएच’चं कार्ड, मुलांची नावं आणि पुढे पेन्शन, सगळं तिथेच अडतं. त्यात आपल्याकडची खास अडचण अशी की लग्नानंतर बाईचं मधलं नाव, आडनाव आणि कधीकधी पहिलं नावही बदलतं. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, नोंदीत तिसरंच. ज्या शेजारणीने यापायी स्वतः हेलपाटे घातलेले असतात, तिला हे सांगायला कुठलं पुस्तक लागत नाही.

शेजारणींच्या या ज्ञानाला संस्थेचं रूप मिळालं १९६६ साली. आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, फौजेच्या तोंडी ‘आवा’, दिल्लीत २३ ऑगस्ट १९६६ रोजी नोंदली गेली. १९६२ आणि १९६५ अशी दोन युद्धं तेव्हा चार वर्षांत होऊन गेली होती. विधवा झालेल्या तरुण बायका आणि अपंग होऊन परतलेले जवान यांचा प्रश्न सैन्याच्या दारात उभा होता. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते.

आवाची रचना सैन्याच्याच साच्यात ओतलेली आहे. लष्करप्रमुखांच्या पत्नी अध्यक्ष. कमांडच्या पातळीवर त्या कमांडरच्या पत्नी, म्हणजे पुण्याच्या दक्षिण कमांडमध्ये तिथल्या लष्कर कमांडरच्या. उतरत उतरत ही साखळी पलटणीच्या सीओंच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरांच्या, पत्नीपर्यंत येते. त्यांना सगळे ‘सीओ मेमसाहेब’ म्हणतात. त्यांच्याबरोबरीने जवानांच्या बायकांत वजन असतं ते सुभेदार मेजरांच्या पत्नीचं. वीस-पंचवीस वर्षं छावण्यांत काढलेली ही बाई बहुधा खेड्यातलीच असते. कुणाच्या घरी भांडण आहे, कुणाचं मूल बोलत नाही, कोण हल्ली बाहेर पडत नाही, हे तिला आधी कळतं.

वरच्या पातळीवर आवाची मोठी कामं चालतात. अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी अनेक छावण्यांत ‘आशा’ शाळा आहेत. शिवणकाम, बेकरी, संगणक शिकवणारी केंद्रं आहेत, वीरनारींना, म्हणजे शहिदांच्या पत्नींना, मदत आणि समुपदेशन आहे. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या घरात मतिमंद मूल असेल तर प्रत्येक बदलीला नवी शाळा शोधणं म्हणजे काय, हे त्या आईलाच ठाऊक. तिला पुढच्या छावणीत त्याच नावाची शाळा सापडते, हा फार मोठा दिलासा आहे.

पण या व्यवस्थेचा जीव आहे तो पलटणीच्या मासिक बैठकीत. वरवर पाहता तिथे विशेष काही घडत नाही. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून हॉलमध्ये जमतात. एमएचची डॉक्टर रक्तक्षयावर किंवा लसींवर बोलते. कुणीतरी एटीएमचा पिन कुणाला सांगू नये हे समजावतं. मग एखादा नाच, पाककृती, तंबोला, समोसा, चहा. बाहेरचा माणूस हसून म्हणेल, हे तर भिशीचंच सरकारी रूप. म्हणू दे. त्या तंबोल्याच्या निमित्ताने साताऱ्याची, गढवालची आणि मदुराईची बाई एका बाकावर बसते, एकमेकींच्या मुलांची नावं शिकते, मोडक्या हिंदीत हसते. या ओळखीची किंमत त्या दिवशी कळत नाही.

ती कळते वाईट बातमी येते तेव्हा. अशी बातमी फोनवर द्यायची नाही, दारात जाऊन द्यायची, ही फौजेची रीत. साहेबांबरोबर एक-दोन बायका जातात. दार उघडल्यावर समोर आलेला चेहरा ओळखीचा असणं, एवढीच त्या घटकेला शक्य असलेली मदत असते. पुढचं काम बायका न बोलता वाटून घेतात. एक टीव्ही बंद करते, दुसरी मोबाइल बाजूला ठेवते, तिसरी मुलांना आपल्या घरी नेऊन जेवू घालते. कुणीतरी कपाटातली फाइल शोधतं. शंभर वेळा एकत्र चहा प्यालेल्या असतात म्हणूनच हे जमतं. ओळख आधी झालेली असावी लागते, प्रसंग आल्यावर ती करता येत नाही. वेल्फेअरचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे.

आता गावाकडे बघू. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले, आणि आजही घरटी फौजी ही तिथली ओळख आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीच्या तर नावातच सैनिक आहे. अशा गावात वेल्फेअर वेगळं भरवावं लागत नाही. पाणवठ्यावरच्या चार बायकांपैकी तिघींना ‘फील्ड’ म्हणजे काय हे माहीत असतं, आणि पारावर बसलेला निवृत्त सुभेदार अर्ज वाचून देतो. अडचण आहे ती दुसऱ्या गावांत, जिथे अख्ख्या वाडीत फौजेतलं घर एकच. तिथे तंबोला नाही, सुभेदार मेजरांची पत्नी नाही, पार्ट टू ऑर्डरचा प्रश्न विचारणारी शेजारीण नाही.

पूर्वीच्या युद्धांत जवानाचा अंत्यसंस्कार बहुधा आघाडीवरच होई आणि गावी तार येई. १९९९ च्या कारगिल युद्धात पार्थिवं घरी पाठवली गेली. तेव्हापासून वीरमरणाला गाव साक्षी असतं. हजारो लोक जमतात, मानवंदना होते, पुढारी येतात. तेराव्यानंतर अंगण रिकामं होतं आणि कागद सुरू होतात: पेन्शन, विमा, वारस, मुलांची शिष्यवृत्ती. पैसा कुणाच्या खात्यावर जायचा यावरून सासर आणि सून यांच्यात तेढ पडलेली घरंही आहेत. या टप्प्यावर उपयोगी पडतं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. त्याची पाटी अनेकांनी वाचलेली असते, पायरी मोजक्यांनीच चढलेली असते.

नियमही बराच काळ या बायकांच्या बाजूने नव्हते. १९७१ च्या युद्धानंतर मोहिनी गिरी यांनी १९७२ साली युद्धविधवांसाठी ‘वॉर विडोज असोसिएशन’ उभी केली, ती ही उणीव ओळखूनच. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता चालू राहण्यासाठी तिने दिराशीच लग्न करायला हवं, अशी अट होती. ती निघाली २०१७ च्या नोव्हेंबरात. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्याच्या स्वाती महाडिक चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले होते. बाई स्वतः वर्दी घालून उभी राहिली, आणि कागद मात्र तिला दिराच्या नावाने बांधू पाहत होता, हे चित्र फार जुनं नाही.

वेल्फेअरच्या व्यवस्थेतही खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. इथे बाईचं पद नवऱ्याच्या हुद्द्यावरून ठरतं. सीओंची बदली झाली की मेमसाहेबांचं पदही संपतं, आणि त्यांनी मनापासून चालवलेला उपक्रम पुढच्यांना आवडेलच असं नाही. बैठक ऐच्छिक असते, पण न गेल्यास ‘दिसलं’ जातं. खालच्या हुद्द्यातली बाई वरच्या हुद्द्यातल्या बाईसमोर नवऱ्याच्या छळाबद्दल मोकळेपणाने बोलेल का? बहुधा नाहीच. नोकरी करणाऱ्या बायकोला दुपारच्या कार्यक्रमाला वेळ नसतो, आणि तिची बदली नवऱ्याच्या मागोमाग होत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. सीओच बाई असेल तर तिच्या नवऱ्याने तंबोल्याचे आकडे पुकारायचे का? प्रश्न गमतीचा वाटला तरी खरा आहे. नौदलाने आपल्या संस्थेच्या नावातून ‘वाइव्ज’ हा शब्द काढला, तो उगाच नव्हे.

एवढं असूनही ही व्यवस्था मोडीत काढावी असं ती अनुभवलेल्या फारशा बायका म्हणणार नाहीत. हुद्द्याची उतरंड त्यांना खुपते, शेजारीण मात्र हवी असते. हीच शेजारीण छावणीच्या फाटकाबाहेर, खेड्यात आणि शहरातल्या सोसायटीत कशी मिळेल, हा पुढचा प्रश्न आहे.

त्याचं थोडं उत्तर वाचकाच्या हातात आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचं तिकीट आपण खिशाला लावतो, ते लावावंच. पण आपल्या आळीतला जवान सुट्टीवर येईल तेव्हा त्याच्या घरी जाऊन चहा घ्या आणि त्या दोघांनाही विचारा: पार्ट टू ऑर्डर निघाली का, बायकोचं नाव सगळ्या कागदांवर एकच आहे का, फाइल कुठे ठेवली आहे हे तिला माहीत आहे का. सुट्टी संपून तो गेला, की महिन्याभराने पुन्हा एकदा त्या घरी चहाला जा.