सातबारा नको, परसू पुरे

मधमाशीपालनाला स्वतःचे शेत लागत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईसाठी ही फार मोठी सोय आहे: पेटी परसात राहते, माश्या रानभर चरतात. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ जाहीर झाले. या डोंगराळ भागात सातेरी माशी पाळतात. मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात राणीमाशी ओळखणे, धुराने माश्या शांत करणे, चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढणे शिकवतात. या पद्धतीत पोळे मोडत नाही. खरा कस पावसाळ्यात लागतो. फुलोरा आटतो, साखरेचा पाक द्यावा लागतो, मेणकिडा पोळी पोखरतो आणि दुर्लक्ष झाले तर वसाहत पेटी सोडून उडून जाते. म्हणून प्रशिक्षण शिबिरातले चार दिवस पुरत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात जाणकार व्यक्तीने दारी येऊन शिकणाऱ्या बाईसोबत पेटी उघडून पाहायला हवी.